हंगामी माणसाचे वय

सरकारी खात्यात परीक्षा देऊन कायम माणूस आला, की हंगामी माणसाने खुर्ची सोडायची. यात सरसकट अन्याय आहे असे म्हणणाऱ्या मित्रांशी मी सहमत नाही. जाहिरातीची वाट पाहत बसलेल्या, कुणाचीच ओळख नसलेल्या उमेदवाराचाही त्या खुर्चीवर हक्क आहेच.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी खटल्यात हेच सांगितले. खटला आपल्या कर्नाटकातलाच, वाणिज्य कर खात्यातील रोजंदारीवरच्या लोकांचा. नुसती बरीच वर्षे काम केले म्हणून कोणी कायम होत नाही, हे तेव्हापासून प्रत्येक साहेबाला तोंडपाठ आहे. (सोयीचे तेवढेच पाठ होते!) पण त्याच निकालात पुढे असेही आहे, की नियमित भरती होईल तेव्हा या लोकांना वयाची अट न लावता बसू द्यावे आणि त्यांच्या सेवेला काही वजन द्यावे.

खरी गोम इथे आहे. सरकारी महाविद्यालयांतले अतिथी प्राध्यापकच घ्या. मंजूर जागा वर्षानुवर्षे भरायच्या नाहीत, तिशीतल्या माणसाकडून दरसाल नव्या आदेशावर शिकवून घ्यायचे, आणि चाळिशी उलटल्यावर जाहिरात काढून म्हणायचे, 'आपले वय बसत नाही.' उशीर केला सरकारने, दंड भरायचा त्याने! जितकी वर्षे राबवले तितकी वयात सूट द्या, सेवेचे थोडे गुण द्या. मग परीक्षेत तो मागे पडला तर पडो. निदान त्याचा अर्ज तरी घ्या.