बांध कोरू नका!

उन्हाळी नांगरट सुरू झाली की जालना जिल्ह्यातल्या शिवारांत एक भांडण ठरलेलं. ट्रॅक्टरचा फाळ बांधाला घासून जातो, एक ढेकूळ सुटतं. पुढच्या वर्षी आणखी एक. दोन हात रुंदीचा बांध बघता बघता वितीवर येतो आणि मग मोजणी, तलाठी, तहसील, कोर्ट. वीतभर जागेपायी भावाभावांतलं बोलणं तुटलेली घरं गावोगावी आहेत. या भांडणात कोणाची किती जमीन गेली हे सगळे मोजतात, पाणी किती गेलं हे कोणी मोजत नाही.

तेवढं आज मोजू. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस झाला की सुमारे 4 हजार लिटर पाणी पडतं. 50 मिलिमीटरचा एक दणका म्हणजे एकरी 2 लाख लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे 20 टँकर. बांध शाबूत असेल तर त्यातलं बरंचसं पाणी रानात थबकतं आणि मुरतं. बांध फुटका असेल तर तेच पाणी तासाभरात ओढ्याला लागतं आणि जाताना वरची काळी माती घेऊन जातं. जुलैत 20 टँकर सोडून द्यायचे आणि मार्चमध्ये एका टँकरसाठी तहसीलवर मोर्चा न्यायचा, हा व्यवहार आपण किती वर्षं करणार?

2012-13 चा दुष्काळ जालन्यानं विसरायचं ठरवलं तरी विसरता येणार नाही. पाच-सहा वर्षं लेकरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, कुऱ्हाड लावून सरपणाला गेल्या. शहराला पाणी देणारा, निजामाच्या काळातला घाणेवाडीचा जलाशय कोरडा पडला. तळाशी साचलेला गाळ तेव्हा लोकांना दिसला. नागरिक, उद्योजक, शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी तो उपसला. हे काम मोठंच झालं. पण गाळ येतो कुठून? वरच्या शिवारातल्या फुटक्या बांधांतूनच येतो.

त्याच दुष्काळात याच जिल्ह्यातल्या कडवंचीत द्राक्षबागा हिरव्या होत्या. कडवंचीला वेगळं आभाळ नाही. पावसाची सरासरी तीच, सहा-सातशे मिलिमीटरची, आणि लहरीपणाही तोच. फरक पडला तो 1996 ते 2002 या काळातल्या कामानं. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून, नाबार्डच्या साहाय्यानं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं आणि गावकऱ्यांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत शिवार बांधून काढलं. डोंगरउतारावर समतल चर, शेतात बांधबंदिस्ती, नाल्यांवर माती आणि सिमेंटचे बंधारे. श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी या तर कार्यक्रमाच्या अटीच होत्या. यामागे दिवंगत विजयअण्णा बोराडे आणि त्यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाची चिकाटी होती. आधी पाणी मुरवलं, मग शेततळी आणि ठिबक आले, त्यानंतर द्राक्षं. हा क्रम महत्त्वाचा आहे. कडवंची पाहायला आलेले बहुतेक जण शेवटची पायरी डोळ्यांत साठवून परततात.

म्हणून जिल्हाभर शेततळी झाली आणि तरी पाण्याची ओरड राहिली. 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल शेततळं सुमारे 22 लाख लिटर पाणी धरतं. ते पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरलं तर सोन्याहून पिवळं. पण पुष्कळ ठिकाणी विहीर-बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या कागदावर साठवलं जातं, म्हणजे जमिनीच्या पोटात सुरक्षित असलेलं पाणी वर आणून उन्हात वाळत घालायचं. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा. ही तिजोरी लहान आहे, दरवर्षी भरावी लागते. 60 मीटरच्या खाली बोअर घ्यायला भूजल कायद्यानं बंदी आहे, पण गाडी रात्री येते आणि सकाळी निघून जाते, हे गावातल्या कोणाला ठाऊक नाही?

2023 मध्ये राज्यानं जाहीर केलेल्या 40 दुष्काळी तालुक्यांत जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड आणि मंठा हे आपल्याच जिल्ह्यातले पाच होते. दोनच वर्षांनी, सप्टेंबर 2025 मध्ये, मराठवाड्यात एवढा पाऊस झाला की रानंच्या रानं खरडून गेली. पाणी जास्त झालं म्हणून दुष्काळाची चिंता मिटली, असं समजू नका. त्या पुरानं बांध फोडले, सांडवे उखडले, बंधाऱ्यांत गाळ भरला. पुढचा कोरडा पावसाळा येईल तेव्हा आपण याच फुटक्या शिवारासह त्याला सामोरे जाणार आहोत.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, मृगाच्या आधी एकदा आपल्या रानाला चक्कर मारा. फक्त बांध बघा. घुशीची बिळं दिसली तर ती खोदून, माती ठोकून बुजवा. पहिल्याच मोठ्या पावसात बांध तिथूनच फुटतो. सांडव्याचे दगड निसटले असतील तर पुन्हा रचा, आणि सांडवा बांधाच्या माथ्यापेक्षा खालीच ठेवा, नाहीतर तुंबलेलं पाणी सगळा बांध घेऊन जाईल. बांधावरचं गवत पेटवू नका. मारवेल असेल तर जपा: मुळं माती धरतात, पाला जनावराच्या तोंडी लागतो. शेजाऱ्याशी कोर्टात वाद असेल तर तो चालू द्या, पण बांध दोघांनी मिळून दुरुस्त करा. पाण्याला सातबारा वाचता येत नाही.

सरपंच आणि ग्रामसेवकांनो, फुटलेल्या बांधांची आणि नादुरुस्त बंधाऱ्यांची यादी ग्रामसभेत मांडा आणि रोजगार हमीच्या आराखड्यात घाला. नवीन बंधाऱ्याचं भूमिपूजन होतं, फोटो छापून येतो. जुन्याचा गाळ काढण्याला कोणी नारळ फोडत नाही, म्हणून ते काम मागे पडतं. ते या वर्षी पुढे घ्या. पावसाळा सरला की विहिरींची पातळी मोजून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडा आणि मगच रब्बीला काय पेरायचं ते ठरवा. ताळेबंद तुटीचा निघाला तर गव्हाऐवजी ज्वारी-हरभऱ्यावर भागवा.

आणि पुण्या-मुंबईला, संभाजीनगरला नोकरीसाठी गेलेल्या जालनेकरांनो, तुमची जमीन वाट्यानं किंवा ठोक्यानं दिलेली असेल. कसणारा एका हंगामाचा धनी. बांधावर तो पदरचा खर्च का करील? तो खर्च तुमचा आहे. या वेळी गावी जाल तेव्हा कसणाऱ्याला बांधदुरुस्तीचे पैसे द्या, आणि नांगर बांधापासून हातभर लांबून वळवायला सांगा.