सात भागिले दोन किती?

साडेतीन! चौथीतलं पोरही सांगेल. हाच प्रश्न सी किंवा जावाला विचारा, उत्तर येतं ३. पायथन ३ सांगतं ३.५, तर जुनं पायथन २ सांगायचं ३. चिन्ह तेच, आकडे तेच, मग उत्तर वेगळं का?

कारण सी आणि जावात दोन्ही संख्या पूर्णांक असतील, तर भागाकारही पूर्णांकच मिळतो. दशांशानंतरचं सगळं चक्क कापलं जातं. पायथनवाल्यांना हा घोळ खटकला. म्हणून २००१ मध्ये पूर्णांक भागाकारासाठी // हे वेगळं चिन्ह आलं आणि २००८ मध्ये पायथन ३ ने / चा अर्थच बदलला. तरी गंमत संपत नाही. उणे ७ ला २ ने भागून पूर्णांक उत्तर मागितलं, तर पायथन उणे ४ देतं आणि सी उणे ३. % वापरून बाकी काढली, तर पायथनमध्ये १ आणि सीमध्ये उणे १!

आता हे मार्कांना लावून बघा. ६०० पैकी ४४९ मार्क. सीमध्ये इंट वापरून ४४९ / ६०० * १०० लिहिलं, तर टक्के येतात शून्य. ही चूक निदान डोळ्यांत तरी भरते. पण ४४९ * १०० / ६०० लिहिलं, तर येतात ७४. खरे टक्के आहेत ७४.८३. कट-ऑफ ७४.५ असेल, तर पोरगं लिस्टबाहेर. एरर मेसेज नाही, काही नाही. प्रोग्राम अगदी व्यवस्थित चाललेला असतो.

आणि आपण हे शिकतो कसं? जर्नलमध्ये ‘अरिथमेटिक ऑपरेटर्स’ नावाचं प्रॅक्टिकल, १० आणि ५ हे ठरलेले आकडे, आउटपुट चिकटवलं, सही घेतली, विषय संपला. १० ला ५ ने भागल्यावर कुठल्याच भाषेत काही बिघडत नाही, मग प्रश्न तरी कसा पडणार? आता तर कोडही एआय लिहून देतं. अशा वेळी ते वाचून चूक पकडता येणं जास्त गरजेचं आहे.

म्हणून कॉलेजांकडे एक साधी मागणी. प्रॅक्टिकलमध्ये १० आणि ५ सोबत ७ आणि २, उणे ७ आणि २ हेही आकडे द्या. प्रोग्राम रन करण्याआधी अपेक्षित उत्तर जर्नलमध्ये लिहून घ्या आणि व्हायव्हात ‘ऑपरेटर किती?’ऐवजी ‘हे उत्तर का आलं?’ असं विचारा. त्यासाठी सिलॅबस बदलायची वाट बघावी लागत नाही.