लपवले की चोराचे फावते

गेल्या चाँदरातीची गोष्ट. बेंबळीतल्या आमच्या घरी शीरखुर्म्यासाठी खारीक-बदाम चिरण्याचे काम चालले होते. तेवढ्यात मोठ्या भाभींच्या फोनवर त्यांच्या खालाजाद बहिणीच्या नंबरवरून मेसेज आला, "बाजी, मेरा एक कोड गलती से तुम्हारे फोन पे आया. छे नंबर है, जल्दी भेजो." नंबर ओळखीचा, फोटो ओळखीचा, बोलणेही घरचेच. भाभींनी हात पुसले आणि सहा आकडे पाठवून दिले. थोड्याच वेळात त्यांचे व्हॉट्सअ‍ॅप बंद पडले.

त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. "नेट नाही वाटते," म्हणून त्या पुन्हा कामाला लागल्या. ईद झाली, पाहुणे आले-गेले. तिसऱ्या दिवशी दुबईहून त्यांच्या भावाचा अब्बांच्या नंबरवर फोन आला, "आपा की तबियत कैसी है? दवाखाने के पंधरा हजार मिले क्या?" तेव्हा कुठे सगळा प्रकार उघड झाला. भाभींच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागितले गेले होते आणि भावाने काळजीपोटी लगेच पाठवलेही होते.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलेत?" आम्ही विचारले. भाभी खाली मान घालून म्हणाल्या, "सब बोलते ना, पढ़ी-लिखी नहीं, इसको फोन किसने दिया!"

हे वाक्य आम्हाला लागले. कारण तसे बोलणाऱ्यांत आम्हीही होतो. शाळेत मुलांना 'चूक झाली तर न घाबरता सांगा' असे शिकवणारे आम्ही, घरात मात्र कोणी चुकले की सगळ्यांदेखत हसतो.

आता हे घडले कसे ते पाहू. कोणी आपल्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू करायला गेले की कंपनी आपल्या सिमवर सहा आकडी कोड पाठवते. तो कोड म्हणजे घराची चावी. चोराने आधी त्या बहिणीचे खाते असेच घेतले होते. मग तिच्या यादीतल्या माणसांना तिच्या नावाने मेसेज केले. भाभींचे खाते हाती आल्यावर भाभींच्या यादीतली माणसे. एका घराची चावी मिळाली की पुढच्या घराचे दार आपोआप उघडते, कारण दार ठोठावणारा ओळखीचा दिसतो.

दुसरा प्रकार आपल्या मराठवाड्यातच घडला. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचे निमंत्रण आले. लग्नाची तारीख ३० ऑगस्ट होती. सोबत पत्रिकेसारखी दिसणारी एक फाईल होती. त्यांनी ती उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हती, ते एक अ‍ॅप होते. अशी फाईल ओळखणे सोपे आहे. तिच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत एपीके ही तीन अक्षरे असतात. फोटोला किंवा पत्रिकेच्या पीडीएफला ती कधीच नसतात. अशी फाईल उघडली की फोन आधी विचारतो, 'अनोळखी ठिकाणचे अ‍ॅप घालायचे का?' आपण घाईत 'होय' म्हणतो. मग ते अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, तीही आपण देतो. त्यानंतर बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोर वाचतो. कधी लग्नपत्रिका, कधी वाहनाचा दंड, कधी शेतकरी योजनेची यादी. नाव बदलते, फाईल तीच.

असे फक्त कमी शिकलेल्यांचेच होते, हा गैरसमज आहे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांचा फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप ऑगस्ट २०२४ मध्ये हॅक झाले. त्यांनी ते लपवले नाही. 'मला फोन किंवा मेसेज करू नका' असे समाजमाध्यमावर जाहीर केले आणि पोलिसांची मदत मागितली. आमच्या भाभींनी चाँदरातीला एवढेच केले असते, म्हणजे घरात सांगितले असते, तर आम्ही तासाभरात सगळ्या नातेवाइकांना फोन केले असते आणि भावाचे पंधरा हजार वाचले असते.

लवकर सांगण्याला कायद्यातही मोल आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, पण कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे गप्प बसलेला प्रत्येक तास आपल्या खिशातून जातो. तक्रारीसाठी १९३० हा सरकारी क्रमांक आहे. पैसे पुढच्या खात्यात अडकलेले असतानाच कळवले तर ते रोखता येण्याची शक्यता असते. एकदा एटीएममधून काढले गेले की मग अवघड.

तेव्हा घात झाल्याचे कळताच काय करायचे? फाईल उघडली असेल तर आधी त्या फोनचे नेट आणि वायफाय बंद करा. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवा. पासवर्डही दुसऱ्या फोनवरूनच बदला. फोन पूर्ण रीसेट केल्याशिवाय त्यावर पुन्हा बँकेचे व्यवहार करू नका. व्हॉट्सअ‍ॅप गेले असेल तर आपला नंबर टाकून ते पुन्हा सुरू करा. सिमवर आलेला नवा कोड भरला की चोर बाहेर पडतो. त्याने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर आपल्याला सात दिवस थांबावे लागते, पण चोराचा ताबा मात्र सुटतो.

या प्रकारानंतर आम्ही शाळेच्या पालकसभेत अर्धा तास फोनसाठी ठेवला. माता-पालकांनी फोन काढले, नववीच्या मुलींनी मदत केली. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन, तिथे सहा आकडी पिन. हा पिन लावला की नुसता कोड मिळून चोराचे भागत नाही. निम्म्याहून अधिक जणींनी ७८६७८६ हाच पिन ठेवला! सगळ्या खूप हसल्या. पण चोरालाही आपल्या सवयी ठाऊक असतात, तेव्हा तो पिन नको. जन्मसालही नको. मग 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून पाहिले. एका दादीच्या फोनला भलताच कॉम्प्युटर जोडलेला निघाला, तो तिथेच काढून टाकला. जीमेललाही अशीच दुहेरी पडताळणी लावून घ्या, कारण बाकीचे बहुतेक पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. आणि ओळखीच्या नंबरवरून पैशांची मागणी आली तर त्या माणसाला साधा फोन लावून आवाज ऐका. तोवर एक रुपयाही पाठवू नका.

फोन आपला असला तरी त्यात आपल्या लेकी-बहिणींचे फोटो, नातेवाइकांचे नंबर, भावाच्या घामाचे पैसे असतात. ही सगळी अमानत आहे. तिची राखण एकट्या भाभींनी करायची नसते, ती साऱ्या घराने करायची.

आमच्या घरात आता एक नियम झाला आहे. कोणी "माझ्याकडून चुकून काही दाबले गेले" म्हणाले की पहिले वाक्य रागाचे नसते. पहिले वाक्य असते, "बरे झाले लगेच सांगितले, आण इकडे." परवा अम्मींनी एक पत्रिका न उघडताच आमच्यापुढे धरली आणि विचारले, "ये देख, किसकी शादी है?" शेवटी एपीके होते. अल्हम्दुलिल्लाह, त्या लग्नाला आमच्या घरून कोणी गेले नाही.