काटा कुठे अडतो?

संगणकाशी गट्टी



दिवाळी झाली, की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले रस्ते एकदम बदलून जातात. उसाने गच्च भरलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, ट्रक. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कुठल्याही सहकारी साखर कारखान्यावर जा, गव्हाणीत मोळी पडली, की गाड्यांची रांग लागलीच म्हणून समजा. तुमच्यापैकी कित्येकांनी त्या रांगेतून हळूच ऊस ओढलाही असेल. (घरी सांगणार नाही, काळजी नको!)

आता एक प्रश्न. समजा, रांग फार लांब झाली. कारखान्याने काय करावं? कुणी म्हणेल, आणखी ट्रॅक्टर लावा. पण थांबा. प्रत्येक गाडी आधी वजनकाट्यावरून जाते. भरलेल्या गाडीचं वजन करायचं, ऊस उतरवायचा, रिकाम्या गाडीचं वजन करायचं आणि वजाबाकी करायची. काटा एकच असेल, तर ट्रॅक्टर दुप्पट केले म्हणून काय होणार? रांग तेवढी दुप्पट होईल!

म्हणजे आधी शोधायचं काय? तर अडतंय कुठे ते. आज आपण संगणकात हाच शोध घेणार आहोत.

वजनकाट्यावर आता संगणक असतो. कुणाच्या शेतातला ऊस, किती टन, कुठल्या तारखेला, याची नोंद होते. त्या नोंदीवरच शेतकऱ्याच्या उसाचं बिल निघतं. वर्षभराच्या घामाचा हिशेब तो! ही नोंद हरवली तर? किंवा नोंदीला इतका वेळ लागला, की तोडलेला ऊस गाडीतच वाळायला लागला तर? तोडलेला ऊस पडून राहिला, की त्याचं वजनही घटतं आणि साखरही घटते, हे तुमच्या आजोबांना विचारा. म्हणून अशी माहिती जिथे ठेवायची, ती जागा भरवशाचीही हवी आणि चपळही हवी.

पूर्वी माहिती साठवायला हार्ड डिस्कच असायची. तिच्यात एक तबकडी गरगर फिरते, मिनिटाला 7,200 फेरे, म्हणजे सेकंदाला 120. वर एक बारीक दांडा असतो. हवी ती माहिती शोधायला दांडा सरकतो आणि तबकडी फिरून त्याच्याखाली येईपर्यंत थांबतो. या सगळ्याला साधारण 12 मिलिसेकंद जातात. तुम्ही म्हणाल, एवढंच? पण हिशेब करा. 1,000 ला 12 ने भागा. सेकंदाला 80 च्या आसपास नोंदी शोधून झाल्या, की हार्ड डिस्क दमली!

मग आली एसएसडी. हिच्यात फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिपा. ज्या फ्लॅश मेमरीवर ती चालते, ती जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात शोधून काढली. साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो नोंदी शोधते. कुठे 80 आणि कुठे हजारो!

पण एकच डिस्क असली आणि तीच बिघडली तर? यावर उपाय सांगितला अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी, 1988 साली. एका महागड्या डिस्कपेक्षा अनेक स्वस्त डिस्का एकत्र जुंपा, असं ते म्हणाले. या पद्धतीचं नाव रेड. आर, ए, आय, डी ही चार अक्षरं. लाल रंगाशी तिचा काही संबंध नाही, आणि पोलिसांच्या धाडीशी तर मुळीच नाही!

रेडची गंमत वहीवर करून बघू. तीन डिस्कांवर तीन आकडे लिहिले आहेत, 7, 5 आणि 9. चौथ्या डिस्कवर त्यांची बेरीज लिहायची, 21. आता दुसरी डिस्क बंद पडली. हरकत नाही. 21 मधून 7 आणि 9 वजा करा. काय उरलं? 5! हरवलेला आकडा परत आला. खऱ्या रेडमध्ये बेरजेऐवजी थोडं वेगळं गणित असतं, पण युक्ती हीच.

मात्र या सोयीची किंमत मोजावी लागते, बरं का. 5 खोडून 8 लिहायचे आहेत. तर आधी जुना 5 वाचा, जुनी बेरीज 21 वाचा, मग 8 लिहा आणि नवी बेरीज 24 लिहा. एका कामाची चार कामं झाली! हा सगळा व्याप सांभाळायला संगणकात एक वेगळं कार्ड बसवतात. तेच रेड कंट्रोलर कार्ड. त्याच्यावर स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो, आणि पुष्कळदा थोडी स्वतःची मेमरीही असते. गाड्यांच्या रांगेतला मुकादमच म्हणा ना!

आता आपल्या काट्याकडे येऊ. समजा, एका कार्यालयात आठ हार्ड डिस्का आणि एक जुनं कार्ड आहे. एक हार्ड डिस्क सेकंदाला 150 एमबी देते असं धरू. आठ जणी मिळून 1,200 एमबी. कार्ड ज्या खाचेत बसतं, तिची क्षमता 4,000 एमबी. म्हणजे दरवाजा ऐसपैस आणि गाड्या थोड्या. मुकादम आरामात पान खात बसलेला!

कुणीतरी म्हणालं, हार्ड डिस्का काढा, एसएसडी बसवा. साधी एसएसडी सेकंदाला 550 एमबीपर्यंत देते. आठ गुणिले 550 किती? 4,400! दरवाजा मात्र 4,000 चाच. प्रत्यक्षात त्यातूनही थोडं कमीच जातं. म्हणजे काल ज्या कार्डाला काम नव्हतं, तेच आज काटा होऊन बसलं. शिवाय सेकंदाला 80 नोंदींच्या हिशेबाने बनलेल्या मुकादमापुढे आता हजारोंची झुंबड. आजच्या काही एनव्हीएमई नावाच्या एसएसडी तर एकेकटी 7,000 एमबीच्याही पुढे जातात. अशी एकच त्या जुन्या दारातून जायची नाही.

मग काय, कार्ड चांगलं की वाईट? एसएसडीवर पैसे घालावेत की नाही? याचं उत्तर जाहिरातीत नसतं, ते चाचणीतच असतं. पण चाचणीसुद्धा फसवते! कशी, ते बघा.

पहिली फसगत. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत समजा 1 जीबी जागा आहे. तुम्ही चाचणीला अर्ध्या जीबीची फाइल घेतली. फाइल त्या मेमरीतच मावली, डिस्कपर्यंत पोचलीच नाही. पडद्यावर आकडा मोठा झोकात आला, पण तो डिस्कचा नव्हेच! म्हणून फाइल त्या मेमरीच्या कित्येक पट मोठी घ्यावी.

दुसरी फसगत कोऱ्या वहीची. नवी एसएसडी लिहायला फार चपळ असते, कारण सगळी पानं कोरी असतात. फ्लॅश मेमरीत एकेक ओळ खोडता येत नाही, मोठा गठ्ठाच एकदम पुसावा लागतो. वही भरली, की लिहिण्याआधी पुसण्याचं काम वाढतं आणि गती उतरते. म्हणून एसएसडी एकदा पूर्ण भरून, बराच वेळ लिहीत ठेवून मगच मोजायचं. आपलं काम पहिल्या दिवसापुरतं नाही, चार-पाच महिन्यांच्या हंगामाचं आहे.

तिसरी फसगत एकट्या गाडीची. आठ काटे लावले आणि गाडी एकच आली, तर ती काही आठपट लवकर सुटत नाही. तसंच एका वेळी एकच नोंद मागितली, तर आठ एसएसडींपैकी एकीलाच काम मिळतं. म्हणून एका वेळी 1, मग 4, मग 16, मग 32 मागण्या अशी चाचणी घ्यायची आणि प्रत्येक वेळचा आकडा लिहून ठेवायचा.

चौथी फसगत चुकीच्या प्रश्नाची. मोठा सिनेमा सलग वाचणं वेगळं आणि हजार शेतकऱ्यांच्या हजार छोट्या नोंदी इथून तिथून वेचणं वेगळं. काट्यावरच्या कामाला दुसरं हवं. तिथे सेकंदाला किती एमबी यापेक्षा किती नोंदी हा आकडा मोलाचा.

आणखी दोन नियम पाळायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कार्ड, एसएसडी आणि सेटिंग तिन्ही एकदम बदललं, तर फरक कुणामुळे पडला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि प्रत्येक चाचणी निदान तीनदा घ्यायची. शाळेच्या प्रयोगवहीत आपण तीन वाचनं लिहितो ना, तसंच. कधीकधी मजेशीर निकालही मिळतो. काही कार्डांची स्वतःची मेमरी वापरायची बंद केली, की एसएसडींची गती उलट वाढते! मुकादमाने प्रत्येक गाडी थांबवून विचारपूस करण्यापेक्षा सरळ सोडून दिली, तर रांग लवकर सरकते, तसंच हे.

आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. 2023 साली चांद्रयान-3 ला घेऊन उडालेल्या रॉकेटच्या बूस्टरचे काही भाग तिथल्या कारखान्यात बनले होते. असे भाग पाठवण्याआधी त्यांच्यात मुद्दाम मोठा दाब भरतात आणि ते टिकतात का ते बघतात. शाबासकी मिळवण्यासाठी नव्हे, तर कमजोरी असलीच तर ती आकाशात नको, जमिनीवरच कळावी म्हणून.

आपणही तेच करायचं. खरी माहिती भरण्याआधी, चाचणी चालू असताना एक एसएसडी मुद्दाम बाहेर काढायची. नोंदी चालू राहतात का? गती किती उतरते? नवी एसएसडी बसवल्यावर हरवलेलं सगळं पुन्हा लिहून व्हायला किती वेळ लागतो? ऐन हंगामात रात्री दोन वाजता डिस्क बिघडली, तर गाड्या उभ्या राहतील की चालतील, हे याच चाचणीत कळतं. सर्वांत मोठा आकडा दाखवणाऱ्या कार्डापेक्षा त्या रात्री साथ देणारं कार्ड चांगलं.

आणि हो, रेड आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही! चुकून कुणी नोंद पुसली, तर रेड ती इमानेइतबारे सगळीकडून पुसतं. वीज पडली किंवा चोरी झाली, तर सगळ्याच डिस्का एकदम जातात. म्हणून माहितीची एक वेगळी प्रत वेगळ्या जागी हवीच. आईबाबांनो, हे तुमच्या मोबाइलमधल्या फोटोंनाही लागू आहे बरं!

करून पाहा

रेड कार्ड आपल्या घरी कुठून असणार? पण एक पेनड्राइव्ह आणि संगणक मिळाला, तरी हा प्रयोग होतो. मोठ्यांना विचारूनच करा, आणि ज्याची दुसरी प्रत आहे अशीच फाइल घ्या.

1. पेनड्राइव्हवर साधारण 1 जीबीची फाइल ठेवा. पेनड्राइव्ह नीट बंद करून काढा, पुन्हा लावा. आता फाइल संगणकात कॉपी करा आणि घड्याळ लावून सेकंद मोजा.

2. लगेच तीच फाइल पुन्हा कॉपी करा. बहुतेक या वेळी ती चटकन होईल. पेनड्राइव्ह शहाणा झाला का? नाही! फाइल संगणकाच्या मेमरीत आधीच येऊन बसली होती. पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला, की पहिलाच आकडा परत येईल. हीच आपली पहिली फसगत.

3. यूएसबी 3 चा पेनड्राइव्ह असेल, तर तो आधी यूएसबी 2 च्या खाचेत आणि मग यूएसबी 3 च्या खाचेत लावून मोजा. यूएसबी 3 ची खाच पुष्कळदा आतून निळी असते. पेनड्राइव्ह तोच, फाइल तीच, मग फरक का पडला? काटा कुठे होता?

जाता जाता दोन कोडी. चार डिस्कांवर 14, 9, एक हरवलेला आकडा आणि 6 आहे. पाचवीवर त्यांची बेरीज 40. हरवलेला आकडा कोणता? दुसरं कोडं असं. कार्डाचा दरवाजा 2,000 एमबीचा, आणि प्रत्येक एसएसडी 500 एमबी देते. चार एसएसडी असताना पाचवी विकत घेतली, तर गती किती वाढेल? दुकानदाराला नका विचारू, वहीवर मांडा!

उत्तरं पुढच्या अंकात. तोवर पुढच्या वेळी काही हळू चाललंय असं वाटलं, मग तो संगणक असो, नळाचं पाणी असो की डबा भरायच्या वेळची सकाळची घाई असो, आरडाओरडा करण्याआधी एकदा विचारा, "काटा कुठे अडतोय?"