भोजनगृह आणि शिवार

आळवी नगरीतील एका गरीब शेतकऱ्याची कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आली आहे. हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी धम्मश्रवणास आलेल्या त्या शेतकऱ्यास तथागतांनी प्रथम जेवू घालावयास सांगितले व मगच उपदेश केला. निवासी शाळेने ही कथा भोजनगृहातही स्मरणात ठेवावी, असे आम्हांस वाटते.

आपल्या शाळेतील बहुतेक मुले अल्पभूधारक व शेतमजूर कुटुंबांतील आहेत. खळ्यावरची तूर देणेकऱ्यांच्या तगाद्यामुळे पालक लगेच व्यापाऱ्यास विकतात. तीच तूर पुढे डाळ होऊन वाढीव दराने शाळांच्या कोठीत येते. मधल्या वाढीतला वाटा पिकविणाऱ्यास मिळत नाही. मुलाचे ताट आणि आईबापांचे शेत यांतील हे अंतर मिटलेच पाहिजे.

ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय भोजनाच्या केंद्रीय निधीतील किमान ३० टक्के रक्कम कुटुंबशेतीतील मालावर खर्च करणे बंधनकारक केले. एका देशाला जे जमले, ते एका शाळेने आपल्या परीने करावयास काय हरकत आहे?

अडचणी आहेत. ज्वारीचे पीठ फार दिवस टिकत नाही. शेकडो मुलांच्या भाकऱ्या थापणे हे कष्टाचे काम आहे. म्हणून आरंभी आठवड्यातून दोन दिवस भाकरी, एक दिवस ज्वारीच्या कण्या, आणि डाळ व पालेभाज्या मात्र पंचक्रोशीतूनच, असा क्रम ठेवावा. पेरणीपूर्वीच गरज व दर ठरवावेत. माल नीट पारखून घ्यावा. पालकाचा आहे म्हणून निकृष्ट धान्य स्वीकारू नये.

खरी अडचण रोख पैशाची आहे. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान शेतजमिनींवरील आपल्या निबंधात भांडवल व साधनांच्या उणिवेकडे लक्ष वेधले होते. अनुदान येईपर्यंत शेतकरी थांबू शकत नाही. माल उतरताच पैसे मिळाले, तरच तो शाळेकडे येईल. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी फिरता निधी उभारावा. अनुदान येताच रक्कम निधीत परत जमा व्हावी आणि हिशेब दरवर्षी पालकसभेत वाचला जावा.

भोजनदानाची परंपरा आपल्या समाजात दृढ आहे. एका दिवसाच्या गोड जेवणाइतकेच हे दानही मोलाचे आहे. कारण त्यातून मुलाला सकस घास आणि त्याच्या घराला कष्टाचा दाम, दोन्ही मिळतात.