हौशी हात, कसबी हात आणि जुन्या ट्रॅक्टरचा हिशेब

जुनें लोखंड आमच्या जिल्ह्यांत कधींच वायां जात नाहीं. जालना शहरांतील भट्ट्यांत तें वितळतें व त्याच्या सळया होतात. असें असतांहि कित्येक शेतकरी बंधू वाडवडिलांचा बी-२७५ सारखा जुना ट्रॅक्टर मोडींत न घालतां स्वतः खपून पुन्हां चालता करितात, ही गोष्ट स्तुत्य होय. परंतु असा ट्रॅक्टर विकावयाचा झाला, किंवा भावाभावांच्या वाटणींत आला, म्हणजे तंटा उभा राहतो. घरच्या श्रमांचें मोल काय धरावें? एक म्हणतो, शून्य. दुसरा म्हणतो, जितके दिवस खपलों तितके दिवस मिस्त्रीच्या दरानें. आमच्या मतें दोघेहि चुकतात.

समजा, इंजिन खोलून, स्लीव्ह-पिस्टन बदलून तें पुन्हां बसविण्यास मिस्त्रीस तीन दिवस लागतात व त्याचा रोज १,००० रुपये आहे. हौशी मालकास त्याच कामास बारा दिवस लागले. म्हणून त्या कामाचे १२,००० रुपये होत नाहींत. मालकाच्या शिकण्याचा खर्च गिऱ्हाइकानें कां सोसावा? कामाचें मोल ३,००० रुपयेच. त्यांतून मिस्त्रीस बोलावून तपासून घेण्याचे ५०० वजा जातां मालकाचे श्रम २,५०० रुपयांचे ठरतात. राहिलेल्या दिवसांचा मोबदला त्यास हौशीनें दिला, असें समजावें. गंज खरवडणें, धुणें, पुसणें या कामांस मात्र कसब लागत नाहीं. तेथें गांवच्या चालू मजुरीनें पूर्ण दिवस धरावे. उलट इंधनपंप जुळविणें, क्रँक घासणें, ब्रेक बसविणें हीं कामें कारखान्यांतच करून त्यांची पावती ठेवावी. तीं अर्धवट झालीं तर किंमत वाढण्याऐवजीं घटते, आणि प्रसंगीं जिवावर बेतते.

घरचे श्रम शून्य म्हणणाऱ्यांस आम्ही एक गोष्ट विचारतों. १९६५ सालीं स्थापन झालेला कृषिमूल्य आयोग पिकाचा उत्पादनखर्च काढतांना घरच्या माणसांच्या श्रमांचें मूल्यहि मोजतो. हमीभाव ठरतांना तें मोजलेंच पाहिजे, असा आपलाच आग्रह असतो. मग सरकारापुढें एक माप व सख्ख्या भावापुढें दुसरें, हा कोणता न्याय?

आतां मिस्त्रीविषयीं. "हें तर आम्ही घरींहि केलें असतें" असें म्हणून त्याचा रोज पाडण्याची खोड आपल्यांत आहे. त्याच्या हजार रुपयांत जागेचें भाडें, हत्यारें, रिकामे गेलेले दिवस आणि काम बिघडल्यास पुन्हां येण्याची जबाबदारी हीं सर्व असतात. पूर्वीं सुतार-लोहारांस वर्षाचें बलुतें मिळे, तेंहि केवळ त्या दिवसाच्या घावांचें मोल नव्हतें. ऐन हंगामांत तो माणूस गांवांत हजर असावा, याचें तें मोल होतें. रोज पाडून मिस्त्रीनें दुकान बंद केलें, तर पेरणीच्या दिवशीं ट्रॅक्टर कोण चालू करील?

महसुलाच्या दफ्तरांत आयुष्य गेल्यामुळें लिहिलेल्या नोंदीवर आमचा विश्वास अधिक. दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं एक वही करावी. तींत सुटे भाग, मिस्त्रीचे काम व घरचे काम असे तीन रकाने पाडावे आणि दर आठवड्यास भावांची सही घ्यावी. चार ओळींच्या नोंदीनें यंत्राची किंमत ठरेल, व घरहि दुभंगणार नाहीं.