विश्लेषण : अ‍ॅसिडिटीची गोळी सुटत का नाही?

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या डॉक्टर बहुतेकदा ४ ते ८ आठवड्यांसाठी देतात. अनेक जण त्या वर्षानुवर्षे घेत राहतात.

आतड्यांवर काय परिणाम होतो?

जठरातले आम्ल अन्नाबरोबर आलेले जंतूही मारते. ते घटले की एरवी तोंडात राहणारे जिवाणू आतड्यांत वाढलेले आढळतात, असे २०१६ मधील अभ्यासांत दिसले. क्लॉस्ट्रिडियम डिफिसील या जंतूमुळे होणाऱ्या जुलाबांचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्येच दिला होता.

मग गोळी बंद का होत नाही?

डेन्मार्कमध्ये १२० निरोगी व्यक्तींवर झालेला एक प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवडे अशी गोळी घेऊन थांबलेल्या ४४ टक्के लोकांना जळजळीसारखा त्रास झाला. केवळ औषधविरहित गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. दबलेले आम्ल उसळते, रुग्णाला मात्र जुना आजार परतल्यासारखा वाटतो आणि गोळी पुन्हा सुरू होते.

काय करावे?

अल्सरमधून रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना ही गोळी आवश्यकच असते. म्हणून ती परस्पर बंद करू नये. ‘अजून गरज आहे का?’ हे डॉक्टरांना विचारावे आणि त्यांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करावी.